चंचीतली किल्ली

ठकूबाईच्या आजेसासूच्या काळी बाईची तिजोरी म्हणजे पदराची गाठ. ठकूबाईच्या वाट्याला चंची आली, कमरेला खोचायची कापडी पिशवी. चार कप्प्यांची, सुपारी-अडकित्त्याची, आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात घरच्या पेटीची किल्ली. सासू राहीबाईने ती अख्ख्या भावकीसमोर तिच्या कमरेला खोचली होती. जिच्या कमरेला चंची तिचं घर, हे उमरठ गावात कुणाला सांगावं लागत नसे.

मग पेटी मोडली, लोखंडी कपाट आलं. तिच्या मुलाने, सुहासने, त्याची किल्ली आईला न विचारता बायकोच्या हातात दिली आणि अनुपमाने ती पर्समध्ये टाकली. झालं! पोलादपूरला दवाखान्यात नोकरीला जाणारी सून रोज खांद्याला पर्स अडकवून निघाली, की ठकूबाईला वाटे, आपलं घरच निघालं एसटीने. नातसुद्धा लिमलेटच्या गोळीसाठी पर्सकडेच धावे. चंचीत काय, सुपारी! म्हातारीचा नुसता जळफळाट होई.

"येवडी मोटी पिशवी! खांद्यावरना कोनी वढून नेली म्हंजे कळल," ती शेजारणीला सांगे.

पण चोराची वाट किती बघायची? महाडला भाचीचा साखरपुडा होता, भावकीतल्या बायकाही बरोबर येणार होत्या. त्या सकाळी सून न्हाणीत असताना ठकूबाईने अडकित्ता काढला आणि पर्सचा रेक्झिनचा बंद निम्म्याहून जास्त कातरला. भावकीतल्या बायकांसमोर किल्ली मातीत पडली पाहिजे, सुनेला काही सांभाळता येत नाही हे त्यांनी बघितलं पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

आणि तसंच झालं. पोलादपूरच्या स्टँडवर गाडीत चढताना बंद तुटला, पर्स उलटी पडली. कंगवा, गोळ्या, किल्ली, सगळं लोकांच्या पायांत.

"घरची किल्ली अशी टाकतात काय गो?" सगळ्यांना ऐकू जाईल अशी ठकूबाई ओरडली. वर्षभरात तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

अनुपमाने सगळं वेचलं. बंदाचं टोक बोटांनी चाचपलं, मग सासूच्या कमरेच्या चंचीकडे पाहिलं.  गाडीत शेजारी बसल्यावर तिने किल्ली सासूच्या हातात ठेवली.

"आई, मागितली असती तर मी दिली नसती का?"

ठकूबाईचं तोंड शरमेने उतरलं. पण किल्ली काही तिने परत केली नाही, मुठीत घट्ट धरली.

"माजीच वस्तू," खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "मी तुज्याकडं मागू?"