आवाज मागून येतो

साहेब, आम्हा खारीपदाच्या लोकांना तुम्ही क्षेपणास्त्राचं सगळं कौतुक ऐकवलंत, आणि जे आधी सांगायला हवं होतं तेवढंच गिळून बसलात.

चाचणी असली की बालेश्वरच्या किनाऱ्यावरचं हे गाव सकाळीच शाळेत नेऊन बसवतात. भात-डालमा खायला घालतात, संध्याकाळी सोडतात. पण ओहोटीला इथला समुद्र पार दिसेनासा होतो आणि उघड्या चिखलात खेकडे मिळतात. म्हणून कुंतलाचा नवरा हाडिबंधू दरवेळी मागच्या भिंतीवरून सटके. हजेरीला त्याच्या नावाची 'हो' त्याचा भाऊ देई. गावात सगळे एकमेकांसाठी देतात. हाडिबंधूची मदार कानांवर. परतणारी भरती दिसायच्या आत त्याला ऐकू येई. जुनी क्षेपणास्त्रं लांबूनच गुरगुरत, तेवढ्यात तो चिखलात पालथा पडे. त्या दिवशीही असाच गेला.

शाळेत एक तरुण साहेब रंगात येऊन सांगत होता. हे नवं आहे, ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाचं. शेवटपर्यंत स्वतःच्या इंजिनावर, वळणं घेत, पाण्याला घासल्यासारखं जातं. शत्रूला दिसतं तोवर उशीर झालेला असतो.

कुंतलाचा घास हातातच राहिला. "बाबू, खाली उभ्या माणसाला ते ऐकू कधी येतं?"

"गेल्यावर, माउसी. आवाज बिचारा मागून धावत येतो."

"आमच्या सरपंचाच्या उलट," म्हातारी सत्यभामा म्हणाली. "त्याचा नुसता आवाज येतो, तो येतच नाही."

बायका हसल्या. कुंतला दाराकडे धावली. माझा माणूस बाहेर आहे, थांबवा, म्हणून तिनं शिपायाचा हात धरला. हजेरी पूर्ण आहे, खाली बस, म्हणाला तो. तिचा दीर मान खाली घालून उभा होता. तेवढ्यात खिडक्या खडखडल्या.

संध्याकाळी हाडिबंधू सापडला. दोन्ही कानांतून रक्त. भरती कमरेपर्यंत चढली होती आणि हा समुद्राकडे पाठ करून, ऐकू न येणाऱ्या लाटांत खेकडे शोधत होता. कुंतलानं हाका मारल्या. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला, की किनारा रिकामा होता, सगळ्यांनी 'हो' दिली होती.

दिली. गाव खोटं बोललं, पोटासाठी बोललं. आवाज मागून येतो हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि आमची माणसं कानांच्या भरवशावर चिखलात उतरतात हेही. मग तुम्ही गप्प कशासाठी बसलात? कुंतला तुमच्या दारात उभी आहे. उत्तर द्या.