मोरपंखी ब्लाउजच्या शिवणी

मित्रांनो, मी एक जुना मोरपंखी ब्लाउज आहे. प्रमिलाबाई गेल्याचे कळले त्या दुपारी मी पिंप्राळ्यात, रतिलालभाऊंच्या शिलाईच्या दुकानात खुंटीला होतो. प्रमिलाबाई म्हणजे भाऊंची बायको, माझी मालकीण. त्यांच्या मुलीचा, ज्योतीचा, दवाखान्यातून फोन आला. आईचे हृदय बंद पडले होते. भाऊ नुसते "हो, हो" म्हणत राहिले. समोर माप द्यायला आलेली बाई उभी होती. गळ्यातली टेप तशीच ठेवून ते निघाले.

मला भाऊंनीच शिवले. धुळ्याला प्रमिलाबाईंच्या नणंदेच्या मुलीचे लग्न होते. बाई कित्येक दिवस केळी आणि चहावर राहिल्या होत्या.

"अहो, बारीक आहे तोवर माप घ्या," त्या म्हणाल्या.

भाऊंनी हसत माप घेतले, पण शिवणीच्या आत बोटभर कापड जास्त ठेवले. शिंपी त्याला माया म्हणतात. पुढे शिवण उसवून ब्लाउज सैल करता येतो.

मांडवात नणंद द्रौपदाबाई ओरडल्याच, "माय वं! कितली बारीक व्हयनी वं तू! नवरी कोन शे, तू का मनी पोर?"

बायका गोळा झाल्या. त्या दिवशी माझेही फार कौतुक झाले.

श्रावणात घरी आमच्याकडची देवी, कानबाई, बसली. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, भाऊबंदांबाहेर देत नाहीत, टाकत तर नाहीतच. घरात माणसे तीन. उरलेले रोट बाईंनीच दुधाबरोबर संपवले. फार दिवस उपाशी ठेवलेले पोट ते. रोट संपले तरी भूक थांबेना. दिवाळीला मी त्यांच्या अंगात जाईना. उतरलेले वजन परत आले होते, वर थोडे जास्तच.

भाऊ शिवण उसवायला बसले. "प्रमिला, कापड संपलं तर पुढच्या वेळी शेवेची पिशवी जोडू का?"

"जोडा की. फक्त रिकामी जोडू नका!"

दोघे खूप हसले. पुढच्या लग्नसराईत पुन्हा उपास आणि माझी शिवण पुन्हा आत. नंतर पुन्हा बाहेर. वर्षानुवर्षे हेच चालले. माझ्या कुशीत जुन्या टाक्यांची भोके पडली. बाई जिना चढताना मध्येच बसू लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावले होते. "ताई, उपाशी राहून वजन उतरवता तेव्हा अंगातले स्नायूही झिजतात. परत भरते ती बहुतेक चरबी. सारखं असं केलं तर रक्तदाब, साखर बिघडू शकते. हृदयावर ताण येऊ शकतो. हळूहळू उतरवा, पोटभर जेवा, रोज चाला."

"ज्योतीचं लग्न होऊन जाऊ द्या," बाई म्हणाल्या.

ज्योतीचे लग्न झाले. त्यात बाई फार सुंदर दिसल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. वजनाच्या चढउतारानेच गेल्या असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. रक्तदाब होता, साखर होती. पण त्या अंगाला विसावा कधी मिळाला नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

परवा ज्योती धुळ्याहून माहेरी आली. तिने मला घालून पाहिले. मी तिला घट्ट झालो. तशी ती वडिलांना म्हणाली,

"नाना, उसवू नका. चुलतनणंदेच्या लग्नापर्यंत मीच बसेन यात. रात्रीचं जेवण सोडलंय मी."

भाऊंनी तिचे माप घ्यायला टेप उचलली. मग म्हणाले, "बेटा, ब्लाउज मी रात्रीतून नवा शिवून देतो. तू आधी जेव. आणि साखर, रक्तदाब तपासून घे."

"घेईन हो नाना."

त्या रात्री ती जेवली. भाऊंनी स्वतः भाकरी वाढली.

मित्रांनो, मी कापड आहे. मला आत घ्या, बाहेर काढा, फार तर भोके पडतील. तुमची आई जेवण सोडून बारीक होत असेल, तर तिचे कौतुक करू नका. तिला शेजारी बसवा आणि वाढा. मग तिच्याबरोबर फिरायला जा.

ज्योती काल धुळ्याला परत गेली. तपासणी तिने अजून केलेली नाही.