आवाज बंद करून दाखवा

संजीवनीबाई शेजवळांनी बावीस वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवलं होतं, आणि तरीही त्यांनी ते सॉफ्टवेअर आवाज चालू ठेवून बघितलं. या चुकीबद्दल त्या स्वतःला माफ करायला तयार नव्हत्या, आणि आपणही घाई करू नये.

झालं होतं असं. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्याला त्यांची शाळा. दिवाळीनंतर एका ट्रस्टने शाळेला बारा टॅबलेट द्यायचं ठरवलं. आत गणिताचं सॉफ्टवेअर, तेही ट्रस्टच्याच पसंतीचं. फक्त एका शिक्षकाने ते बघून 'योग्य आहे' असं लिहून द्यायचं होतं. मुख्याध्यापक भगवान सरांनी हे काम बाईंच्या गळ्यात घातलं. बाई उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या मुकेशच्या दुकानात गेल्या. टॅबलेट पुरवणारा तोच. मुकेशने चहा मागवला आणि टॅबलेट समोर ठेवला. आतली बाई इतक्या गोड आवाजात अपूर्णांक समजावत होती, की संजीवनीबाईंना वाटलं, आपल्या लहानपणी अशी कोणी भेटली असती तर! चहा संपायच्या आत त्यांनी सही ठोकली.

मार्चमध्ये टॅबलेट आले, त्यांवर मुलांची परीक्षा झाली आणि अहवालही त्यांनीच काढला. आठवीच्या सात मुलांना दहापैकी शून्य, एक, फार तर तीन. तेजस्वी म्हात्रेला शून्य.

ही तेजस्वी म्हणजे फळ्यावर बाईंचं गणित चुकलं की जमिनीवर पाय आपटून वर्ग थांबवणारी मुलगी. शाळेत मुलं एकमेकांना खुणेची नावं ठेवतात. तिचं नाव होतं, चढवलेल्या भुवईवर टेकवलेलं बोट. वडील बदलापूरला कारखान्यात लेथवर. तिला पॉलिटेक्निकला जाऊन मशीनची चित्रं काढायची होती. त्यासाठी दहावीला गणित हवं. अशा मुलांना गणित सोडायची सवलत मिळते, पण ती सवलत नको म्हणून तिने तीन पानी पत्र लिहिलं होतं.

अहवालापाठोपाठ ट्रस्टचं पत्र आलं. 'ही मुले गणितासाठी सक्षम दिसत नाहीत. नववीपासून त्यांना गणिताऐवजी मेणबत्ती तयार करण्याचे प्रशिक्षण द्यावे.' खाली सात नावं, पहिलं तेजस्वीचं. पंधरा दिवसांनी शनिवारी ट्रस्टचे अध्यक्ष शाळेत येऊन ही यादी जाहीर करणार होते, फोटोग्राफरसकट.

बाईंनी तेजस्वीला टॅबलेट घेऊन समोर बसवलं. "शून्य कसं? हे तर तू सहावीत सोडवत होतीस," त्यांनी हातांनी विचारलं.

तेजस्वीने टॅबलेटचा आवाज बंद केला आणि तो बाईंच्या हातात दिला.

पडद्यावर लिहिलं होतं, 'ऐका आणि अचूक पर्याय निवडा.' खाली चार आकडे. बारा, पंधरा, अठरा, चोवीस. प्रश्न कुठेच नव्हता. प्रश्न त्या गोड आवाजात होता. बाईंनी पंधरावर बोट ठेवलं. चूक. पुढचा प्रश्न तसाच, त्याच्या पुढचाही. दहा प्रश्न संपले तेव्हा पडद्यावर रडक्या तोंडाची बाहुली आली.

"तुम्हाला दोन, मला शून्य," तेजस्वीचे हात म्हणाले. "तुमचं नशीब चांगलं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तडक भगवान सरांकडे गेल्या.

"सर, परीक्षाच चुकीची आहे. यादी थांबवा."

सरांनी फाइल उघडून त्यांची सही त्यांच्यापुढे धरली. "तुम्हीच योग्य म्हणालात ना? आता ट्रस्टला काय सांगू, आमच्या बाईंना कान आहेत हे त्या विसरल्या?"

उत्तर झोंबलं, कारण ते खरं होतं. बाई म्हणाल्या, "हो, तेच सांगा." सरांनी फाइल मिटली.

रविवारी त्या पुन्हा मुकेशच्या दुकानात हजर. या वेळी सोबत तेजस्वी आणि तिची आई सरस्वती.

"मॅडम, कंप्लेंट काय आहे? आवाज तर एकदम फर्स्ट क्लास आहे ना?" मुकेशने विचारलं.

"तीच कंप्लेंट आहे, मुकेशभाई. गणिताचं असेल नसेल ते सगळं काढा. आधी आवाज बंद करा, मग दाखवा. आणि मला नाही, हिला."

तेजस्वी काउंटरसमोरच्या स्टुलावर बसली, न्यायाधीशासारखी. पहिल्यात एक हत्ती तोंड हलवत होता. तिने दोन बोटांनी टॅबलेट बाजूला सारला. दुसऱ्यात अक्षरं होती, पण बोलणं संपल्यावर उगवायची. तिसऱ्यात गणित सांगताना खाली नुसतं 'संगीत' असं लिहून येत होतं. चौथ्यात मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलत होता, म्हणजे ओठ वाचायचीही सोय नाही. पाचव्याला मुकेश स्वतःच वैतागला. "अरे, हा बोलतो काय ते मला पण नाही समजत!" तोवर त्याने दुकानातले स्पीकर बंद केले होते, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला तो हातानेच थांबायला सांगत होता.

आठवं सॉफ्टवेअर दिसायला अगदीच गबाळं. करडा पडदा, ना हत्ती ना फुगे. प्रश्न मराठीत लिहिलेला. कोपऱ्यात काळ्या शर्टातला एक बहिरा मास्तर तोच प्रश्न खुणांनी सांगत होता. उत्तर बरोबर आलं की चौकट हिरवी व्हायची.

"मॅडम, याच्यात म्युझिक पण नाही," मुकेश पडेल चेहऱ्याने म्हणाला.

तेजस्वी पुढे सरकली. एक चौकट हिरवी झाली, मग दुसरी, मग तिसरी. मास्तरची 'भागिले'ची खूण शाळेतल्या खुणेपेक्षा वेगळी होती, तेव्हा तिने भुवई चढवली, पुन्हा बघितली आणि मान डोलावली. सरस्वती वाकून बघत होती. तिला भागाकार येत नव्हता, पण हिरवा रंग कळत होता. तिने पदर डोळ्यांना लावला.

ट्रस्टच्या टॅबलेटांना कुलूप होतं, दुसरं काही आत जाईना. मुकेशने दुकानातला एक जुना टॅबलेट काढून त्यात ते घातलं. "घेऊन जा. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा, डरायचं काय त्यात?"

आठवडाभर सातही मुलं त्या एका टॅबलेटवर तुटून पडली. कोणाला सात, कोणाला नऊ. बाईंनी ते गुण भगवान सरांपुढे ठेवले. सरांनी बघितलेही.

"बाई, ट्रस्टचा अहवाल ट्रस्टच्या सॉफ्टवेअरवर. हे घरचं आहे. शनिवारी पाहुण्यांसमोर तमाशा नको. तुम्ही नेहमीसारखं करा."

नेहमीसारखं म्हणजे काय, ते सांगायला हवं. शाळेत पाहुणे आले की मुलांच्या खुणा बाई माइकवर बोलून दाखवत. मागे एक पाहुणे तासभर बोलले, तेव्हा एका मुलाने खूण केली, 'हा माणूस फार पकवतो.' बाईंनी माइकवर सांगितलं, "मुलं म्हणतात, तुमचे विचार फार आवडले." पाहुणे खूश. बावीस वर्षं बाईंनी मुलांच्या हातातलं तिखट असं साखरेत घोळून पाहुण्यांना दिलं होतं. शाळा चालायला हवी ना, असं त्या स्वतःला सांगत.

शनिवारी हॉल भरला. पडद्यावर ट्रस्टची फिल्म दाखवायची म्हणून खिडक्या झाकल्या होत्या. अध्यक्ष साहेब चाळीस मिनिटं बोलले. या मुलांना झेपेल तेच द्यावं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी यादी उघडली. बाई त्यांच्या शेजारी उभ्या राहून एकेक शब्द हातांनी मुलांना सांगत होत्या.

"कुमारी तेजस्वी म्हात्रे," साहेबांनी वाचलं, आणि हॉलमधले दिवे गेले. आले. पुन्हा गेले, पुन्हा आले.

"लाइट गेली काय?" फोटोग्राफर म्हणाला. पण मुलांनी एकदम माना वळवल्या. या शाळेत घंटा वाजत नाही. ज्याला काही सांगायचं असतं तो दिवा चालूबंद करतो आणि सगळे त्याच्याकडे बघतात. स्विचबोर्डपाशी तेजस्वी उभी होती.

ती सरळ स्टेजवर आली. टेबलावरचा ट्रस्टचा टॅबलेट उचलला, आवाज बंद केला आणि साहेबांपुढे धरला. बाई म्हणाल्या, "ती म्हणते, आधी तुम्ही सोडवा."

भगवान सर पहिल्या रांगेतून जोरजोरात मान हलवत होते. बाईंना ते दिसलं. त्यांनी दुसरीकडे बघितलं.

कॅमेरा चालू होता, साहेब हसले. "आठवीचं ना? आण." पहिल्या प्रश्नाला त्यांनी चष्मा वर केला. दुसऱ्याला प्रश्न शोधायला टॅबलेट उलटा करून बघितला. सहाव्यापर्यंत हसू मावळलं होतं. शेवटी रडकी बाहुली आली. दहापैकी एक.

तेजस्वीचे हात सावकाश चालू लागले, कोणाचं काही सुटू नये असे.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी माइक तोंडाजवळ घेतला. "ती म्हणते, मला शून्य मिळालं तर तुम्ही मला मेणबत्त्या करायला बसवलंत. तुम्हाला एक मिळालाय. या, माझ्या शेजारी जागा आहे."

बाईंनी माइक सोडला नाही. "आणि हे माझं. हे सॉफ्टवेअर योग्य आहे अशी सही मी केली, आवाज चालू ठेवून बघून. चूक माझी आहे. माझं काय करायचं ते करा, पण ही यादी जाहीर होणार नाही."

मागून सरस्वतीचा आवाज आला, "माजी पोर मेनबत्त्या नाय करनार!"

मुलांना तो ऐकू गेला नाही. त्यांनी तेजस्वीचे हात बघितले होते. एकेक करत त्यांचे हात वर गेले आणि हवेत थरथरू लागले. त्यांच्या टाळ्या अशाच असतात.

साहेबांनी यादीची घडी घातली. "सोमवारी बघू," ते पुटपुटले आणि कागद खिशाकडे नेला.

"इथेच बघू, साहेब," बाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. कॅमेरा अजून चालूच होता. साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग मुलांकडे, आणि कागद बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी तो पेनासकट तेजस्वीला दिला. तिने स्वतःचं नाव खोडलं. मग बाकीची सहाही खोडली, एकही न विसरता, पट्टीने आखावी तशी सरळ रेघ मारून.

मग ती बाईंकडे वळली. "सगळं सांगितलंत ना? नेहमीसारखं गोड करून नाही?"

बाई दचकल्या. "तुला काय माहीत?"

"सगळ्यांना माहीत आहे. आम्ही काहीही बोललो तरी पाहुणे हसायचे."

बाईंना तोंड लपवावंसं वाटलं. पण त्यांनी नजर वळवली नाही. "आज शब्द न् शब्द सांगितला," त्या म्हणाल्या.

तेजस्वीने साहेबांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं.

"हो," ती म्हणाली. "दिसतंय."