डोहातलं गिऱ्हाईक

वादळाचा पूर ओसरला, तसा कोळी रोज पेंडीचे गोळे घेऊन डोहावर जायला लागला. गळ टाकण्याआधी काही दिवस माशांना जेवायला घालून जागेची सवय लावायची, ही त्याच्या घराण्याची रीत. पाणी अजून चहासारखं गढूळ होतं, त्यामुळे तळ दिसायचा प्रश्नच नव्हता. आणि खोली बघायला बांबू घालून डोह ढवळायचा म्हणजे पाहुण्यांना भरल्या ताटावरून उठवायचं.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर गोळ्यांचा मागमूस नसायचा. "खातायत," तो बायकोला खुशीत सांगायचा.

"खाऊ देत. त्यांचं झालं की आमच्या चुलीचंही बघा."

तिला खात्री पटावी म्हणून आज तो तिला सोबत घेऊन आला. गोळे टाकून दोघं परत फिरली, तेवढ्यात मागे पाणी खळबळलं. डोहाच्या मधोमध, जिथे त्याचा आख्खा बांबू बुडायचा, तिथे एक कुत्रं मजेत गोळे खात होतं.

"पट्टीचं पोहतं की," कोळी म्हणाला.

"पोहत नाहीये हो ते," बायको हळूच म्हणाली. "उभं आहे."

पुराने डोह रेतीने भरून टाकला होता, अगदी वरपर्यंत.

"मासे गेले असतील नदीच्या खालच्या अंगाला, खोल पाण्यात," कोळी म्हणाला.

पोट भरलेलं कुत्रं नदीच्या मधूनच खालच्या वळणापर्यंत रमतगमत चालत गेलं. दोघं बघत राहिली. ते कुठेही बुडालं नाही.