केशरबाईंचं ‘बरं’

सिद्धेश राऊळ डोंबिवलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. नावाआधीचं ‘डॉक्टर’ पीएचडीचं होतं. सोसायटीतल्या एखाद्या आजोबांनी बीपीच्या गोळीबद्दल विचारलं, की त्यांना दरवेळी ते नव्याने समजावून सांगावं लागे. माणूस हुशार, पण जरा घाईतला. बढतीसाठी एक निधी मिळालेला संशोधन प्रकल्प नावावर हवा होता आणि तोच नेमका जमत नव्हता.

त्या वर्षी विद्यापीठाने आरोग्य संशोधनासाठी निधी जाहीर केला. अट एकच, पण अवघड. एकट्यादुकट्याचा अर्ज चालणार नव्हता. कॉलेजने इस्पितळाबरोबर मिळून अर्ज करायचा होता. त्याची माहिती द्यायला ठाण्यात सभा ठेवलेली. सिद्धेश गेले ते कुणीतरी डॉक्टर गाठायचाच, असं ठरवून.

सभेत मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्यांनी विचारलं, मी स्पीच थेरपिस्ट आहे, माझ्याकडे पीएचडी नाही, तर मी अर्ज करू शकते का? मंचावरच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, की सहसंशोधक म्हणून करता येईल, मुख्य संशोधक मात्र प्राध्यापकच लागेल. बाई ‘ठीक आहे’ म्हणून बसल्या. त्या वैशाली सकपाळ. राहायला कळव्याला. अर्धांगाच्या झटक्यानंतर ज्यांची वाचा गेलेली असते, अशा रुग्णांना पुन्हा बोलतं करायचं त्यांचं काम. सभा सुटल्यावर चहाच्या रांगेत सिद्धेश मुद्दाम त्यांच्या मागे उभे राहिले.

ओळखपाळख झाली, आणि वैशालीबाईंनी पिशवीतून फोन काढून त्यांना एक व्हिडिओ दाखवला. इस्पितळातली साधी खोली, खुर्चीत बसलेली सत्तरीची एक बाई. नऊवारी आगरी पद्धतीने नेसलेली, चेहरा एका बाजूने उतरलेला, उजवा हात मांडीवर निर्जीव. वैशालीबाईंनी त्यांना नाव विचारलं. बाई म्हणाल्या, “बरं.” जेवण झालं का? “बरं.” खिडकीबाहेर काय दिसतंय? “बरं.” मग वैशालीबाईंनी नुसती एक चाल गुणगुणली, आणि त्याच बाई गाऊ लागल्या. शब्द स्वच्छ, सूर खणखणीत, कडव्यामागून कडवं.

या केशरबाई बाळकुमच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून सगळे विधी जिच्या गाण्यावर चालतात ती धवलारीण. तिचा मान भटजीच्या बरोबरीचा. केशरबाईंनी चाळीसेक वर्षं लग्नं गाजवलेली. मग झटका आला आणि बोलणं गेलं. सगळ्या भाषेतून ‘बरं’ हा एकच शब्द उरला. गाणी तेवढी जशीच्या तशी राहिली. मेंदूविकाराच्या डॉक्टरांना यात नवल नव्हतं. बोलणं आणि गाणं यांच्या वाटा मेंदूत थोड्या वेगळ्या असतात, हे त्यांना ठाऊक असतं. वैशालीबाईंचा प्रश्न पुढचा होता. आपल्या माणसांना तोंडपाठ असलेली लग्नातली धवले, वंदना, भजनं, भीमगीतं यांच्या आधाराने त्यांना पुन्हा बोलण्याकडे आणता येईल का? आणि येत असेल, तर ते सिद्ध कसं करायचं?

सिद्धेशना तो व्हिडिओ पाहूनच वाटलं, आपला प्रकल्प सापडला.

पुढचे दोन महिने अर्ज लिहिण्यात गेले. बैठका कधी कल्याणला सिद्धेशच्या बहिणीच्या रिकाम्या फ्लॅटवर होत, कधी इस्पितळात. तिसरे भागीदार होते तिथलेच मेंदूविकार तज्ज्ञ, डॉक्टर प्रशांत. ते वेळ मिळेल तसे येत, पण सही करताना प्रत्येक पान वाचत. याच दिवसांत सिद्धेशना वैशालीबाईंची खरी ओळख झाली. त्यांनी हट्टाने तुलनेसाठी दुसरा गट ठेवायला लावला. या गटातल्या रुग्णांना तेवढाच वेळ, तेवढ्याच मायेने, पण गाण्याशिवाय थेरपी मिळणार होती. सिद्धेश म्हणाले, “मॅडम, मी शास्त्राच्या बाजूने तुमच्याशी सहमतच आहे. पण यात गाण्याचा काही उपयोग नाही असं निघालं तर?”

“तर तसं लिहायचं,” वैशालीबाई म्हणाल्या. “मला गाणं जिंकायला नकोय, सर. पेशंट बोलायला हवाय.”

वर्गात मुलांना हेच शिकवत सिद्धेशची पंधरा वर्षं गेलेली. पण स्वतःच्या आवडत्या कल्पनेला कुणी इतक्या थंडपणे कसोटी लावताना त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं.

अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला. समितीपुढे सादरीकरणाला बोलावणं आलं. सोबत सूचना होती, कामाची चित्रफीत असल्यास दाखवावी. डॉक्टर प्रशांत खूश झाले. केशरबाईंचा व्हिडिओ पाहून हलणार नाही असा माणूस विरळा, हे तिघांनाही माहीत होतं. फाइलमध्ये संमतिपत्र होतं, त्यावर केशरबाईंचा डाव्या हाताचा अंगठा आणि मुलाची, सर्वेशची, सही. वैशालीबाई मात्र म्हणाल्या, ती संमती उपचारापुरती होती. चहाच्या रांगेत सरांना दाखवला, तीही माझी चूकच. बाहेर दाखवायचं तर नव्याने विचारायला पाहिजे. जाताना त्या सिद्धेशनाही बरोबर घेऊन गेल्या.

बाळकुमला आता चहूकडे टॉवर उठलेत. त्यांच्यामधल्या जुन्या वस्तीत केशरबाईंचं घर. सर्वेशचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. अंगणात बांबूंचा ढीग आणि झालरींची गाठोडी. त्याने पाहुण्यांना खुर्च्या दिल्या आणि प्रश्न पुरता ऐकून घ्यायच्या आतच उत्तर दिलं.

“मॅडम, बिनधास्त दाखवा. युनिव्हर्सिटीत आईचं नाव होईल. काय गं आये, दाखवू दे ना?”

“बरं,” केशरबाई म्हणाल्या.

सिद्धेशनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्यांच्या लेखी काम झालं होतं. वैशालीबाई मात्र निघाल्या नाहीत. त्या खुर्ची सोडून केशरबाईंसमोर जमिनीवर बसल्या आणि पिशवीतून हाताने काढलेली चित्रं मांडू लागल्या. एका कार्डावर मान डोलावणारा चेहरा, दुसऱ्यावर ‘नको’ म्हणून आडवा धरलेला तळवा. आधी त्यांनी उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारले. हे घर बाळकुमचं का? केशरबाईंचा डावा हात डोलणाऱ्या चेहऱ्यावर गेला. हा सर्वेश तुमचा भाऊ का? हात आडव्या तळव्यावर गेला, आणि तोंडाने त्या म्हणाल्या, “बरं.”

सर्वेश हसला, मग हसायचा थांबला.

मग वैशालीबाईंनी तिसरं चित्र ठेवलं. त्यात एक टीव्हीचा पडदा, पडद्यावर गाणारी बाई आणि समोर खुर्च्यांवर बसलेली अनोळखी माणसं. त्यांनी सावकाश विचारलं, “मावशी, तुमचा व्हिडिओ या लोकांना दाखवू?”

केशरबाई चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग डावा हात उचलून त्यांनी आडव्या तळव्यावर ठेवला.

वैशालीबाईंनी कार्डांच्या जागा बदलल्या आणि प्रश्न उलटा केला, व्हिडिओ घरातच ठेवू का, लोकांना न दाखवता? हात डोलणाऱ्या चेहऱ्यावर गेला. मग त्यांनी विचारलं, तुमच्याबद्दल नुसतं लिहिलं तर चालेल का? यालाही हो आलं. गोंधळ कुठेच नव्हता. बाईंना सगळं समजत होतं, आणि त्यांना लोकांपुढे दिसायचं नव्हतं.

 दारापर्यंत सोडायला आला तेव्हा सर्वेश म्हणाला, “आई आजारी पडल्यापासून सगळे मलाच विचारतात, मॅडम. चहात साखर किती, हेपण मला.”

बाहेर नाक्यावर येताच सिद्धेशचा बांध फुटला. चाळीसेक अर्ज, त्यांतले मोजकेच निवडले जाणार. आपल्याकडे एकच हुकमी पान होतं. जुना अंगठा आहे, मुलाची परवानगी आहे, समितीतले लोक काही व्हिडिओ घरी नेणार नाहीत. आणि मुळात बाई ‘नाही’ का म्हणाल्या, तेवढं तरी विचारायला नको होतं का?

वैशालीबाईंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “कारण सांगायला शब्द लागतात, सर. ते त्यांच्याकडे नाहीत. म्हणून त्यांचा नकार कच्चा ठरत नाही. आणि इतक्या महिन्यांनी त्यांना कुणीतरी नाही म्हणू दिलंय. ते आपणच मोडायचं?”

 रिक्षात सिद्धेशच्या मनात बराच वेळ राग होता, आणि तो कुणावर हे ठरत नव्हतं. माजिवड्याचा सिग्नल आला तोवर एवढंच कळलं, की आपण शेजारी बसलेल्या बाईंपेक्षा माणूस म्हणून थोडे लहान आहोत, आणि ते कळल्याने विशेष वाईटही वाटत नाहीये. संध्याकाळी त्यांनी स्वतःच डॉक्टर प्रशांतना फोन करून सांगितलं, की व्हिडिओ नाही. डॉक्टर थोडे कुरकुरले, मग म्हणाले, मुख्य संशोधक तुम्ही, निर्णय तुमचा.

सादरीकरण विद्यापीठात, लांबलचक टेबल असलेल्या खोलीत झालं. अध्यक्षस्थानी एक निवृत्त शल्यचिकित्सक बाई होत्या, करारी चेहऱ्याच्या. सिद्धेशनी आकडेवारी मांडली, ती ठीक झाली. मग एका सदस्याने विचारलं, अर्जात ज्या रुग्णाचा उल्लेख आहे, तिची चित्रफीत नाही का?

“आहे,” सिद्धेश म्हणाले. “पण त्यांनी दाखवायला नकार दिलाय.”

“त्यांना तर एकच शब्द बोलता येतो ना? मग नकार कसा दिला?”

सिद्धेशनी वैशालीबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या आणि थेट अध्यक्षांकडे वळल्या. थोडं धाडसाचंच होतं, पण आवाजात आगाऊपणा नव्हता. “मॅडम, दोन मिनिटं तुम्ही फक्त ‘बरं’ एवढंच बोलाल?”

अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. “बरं,” त्या म्हणाल्या.

“या खोलीतला एसी बंद करते. चालेल?”

“बरं.” बाहेर उकाडा होता. अध्यक्षांनी मान हलवायला सुरुवात केली, तोच वैशालीबाई हळूच म्हणाल्या की झटक्यानंतर पुष्कळांची मानसुद्धा मनासारखी हलत नाही. ‘हो’ म्हणायचं असलं तरी मान ‘नाही’ अशी हलते. अध्यक्षांची मान थांबली.

“तुमची सही या गृहस्थांना करू दे?”

“बरं,” अध्यक्षा म्हणाल्या, पण या वेळी आवाज जरा चढलेला होता. शेजारच्या सदस्यांना हसू आलं, त्यांना नाही. वैशालीबाईंनी टेबलावर कार्डं ठेवली. अध्यक्षांनी ताबडतोब आडव्या तळव्यावर बोट टेकवलं आणि ते तिथेच ठेवलं.

“मी आयुष्यभर रुग्णांच्या सह्या घेतल्या,” त्या नंतर स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाल्या. “या दृष्टीने त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. बसा.”

निकाल महिन्याने आला. निधी मिळाला, पण मागितलेला सगळा नव्हे. समितीने लिहिलं होतं, की पहिल्या वर्षी वाचा गेलेल्या रुग्णांची संमती घेण्याची ही चित्रपद्धत नीट तपासून तयार करावी. ती पक्की झाली, की दुसऱ्या टप्प्यात गाण्याचा अभ्यास. म्हणजे सिद्धेशच्या हिशेबातला शोधनिबंध लांबणीवर पडला, आणि त्याबरोबर बढतीही. घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा बायकोला वाटलं, हा आता दोन दिवस धुमसणार. त्यांनी मात्र जेवून उठल्यावर कल्याणच्या एका छापखान्याला कार्डांचा जाड कागद किती दिवसांत मिळेल ते विचारलं.

काम सुरू झालं. डॉक्टर प्रशांत रुग्ण पाठवत, वैशालीबाई त्यांना कार्डं वापरायला शिकवत, आणि सिद्धेश आकडे सांभाळत. केशरबाईंनी कार्डांवर हात ठेवून सांगितलं, की त्या अभ्यासात भाग घेतील, पण इस्पितळात नाही, घरीच. म्हणून त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दिवस बाळकुमचा ठरला. वैशालीबाईंनी सिद्धेशनाही संमती घ्यायला शिकवलं. आकडे कुठून येतात ते बघायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. सिद्धेशना ते सुरुवातीला जमेना. प्रश्न विचारून झाला की तीन सेकंदांत ते स्वतःच उत्तर सुचवायला जात.

एकट्याने पहिली संमती घ्यायची वेळ आली ती डोंबिवलीतच, निवृत्त बँक कारकून असलेल्या एका गृहस्थांच्या घरी. सिद्धेशनी कार्डं मांडली, माहीत असलेले प्रश्न विचारले, उत्तरं बरोबर आली. मग त्यांनी विचारलं, तुम्ही आमच्या अभ्यासात याल का?

“येतील ना,” स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाल्या. “मी घेऊन येईन त्यांना.”

“काकू, थोडं थांबाल?” सिद्धेश म्हणाले. “त्यांना सांगू दे.”

गृहस्थ कार्डांकडे बघत बसले. पंखा फिरत होता. खालच्या रस्त्यावर भाजीवाल्याची हाक येऊन गेली. सिद्धेश काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने गृहस्थांनी हात उचलला, डोलणाऱ्या चेहऱ्याजवळ नेला, आडव्या तळव्याजवळ नेला, आणि शेवटी दोन्हींमधल्या रिकाम्या जागेवर टेकवला.

सिद्धेशना प्रशिक्षणात याचं उत्तर मिळालेलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला. “अजून ठरत नाही का? उद्या परत येऊ?”

गृहस्थांचा हात डोलणाऱ्या चेहऱ्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर सिद्धेश पुन्हा त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या चढले.