अर्धे बदक

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हा कसला लाकडाचा तुकडा! पण मी एका छताची जुनी फळी आहे. निदान तिचा उरलेला अर्धा भाग तरी आहे.

एका तरुण बापाने सुट्टीच्या दिवशी मला रंधा मारला आणि पत्र्याखालच्या वाशांना ठोकून बसवले. माझ्या अंगावर मोठी गाठ होती. शेजारच्या सरळसोट फळ्या मला पाहून नाके मुरडत. पण बाबांच्या चिमुकल्या लेकीला त्या गाठीत बदक दिसले आणि माझे नशीब उघडले. "बदक झोपलं, आता तूही झोप," असे म्हणत बाबा तिला रोज थोपटत. इतके कौतुक कुठल्या फळीच्या वाट्याला येते?

वर्षे सरली. लेक कमावती झाली आणि तिला मान वर करायलाही फुरसत उरली नाही. बाबा मात्र अंथरुणाला खिळले आणि दिवसभर मलाच पाहत राहिले. पत्रा तापला की त्याची धग मला अडवता येत नसे. बाबा घामाने भिजत आणि लेकीचा जीव तुटत असे.

बाबा इस्पितळात असताना तिने सुतारांना बोलावले. जुने छत काढायचे, वाशांमध्ये काचतंतूंची लोकर भरायची आणि खालून नवे पांढरे छत ठोकायचे, म्हणजे उष्णता खाली उतरणार नाही, असे ठरले.

"आई, बाबांना आत्ताच सांगू नकोस हं. घरी आल्यावर बघू देत," ती म्हणाली.

पहारीने मला उचकटले. जुनी लाकडे नेणाऱ्या टेम्पोत मी मावेना, म्हणून करवतीने माझे दोन तुकडे केले. एक तुकडा गेला. मी अंगणात रंगाच्या डब्यांखाली राहिले.

बाबा परतले. खोली खरेच गार झाली होती. ते त्या पांढऱ्याशुभ्र छताकडे बराच वेळ बघत राहिले.

"आवडलं ना, बाबा?"

"छान गार आहे गं," ते म्हणाले. मग हळूच विचारले, "बदक कुठे गेलं?"

लेक अंगणात धावली. डबे बाजूला सारून तिने मला पदराने पुसले. माझ्यावर फक्त शेपटी उरली होती. मला बाबांच्या उशाशी ठेवताना तिला रडू आवरेना.

"तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, बाबा."

बाबांनी माझ्यावरून हात फिरवला. "रडतेस काय वेडे? बुडी मारलीय त्यानं. येईल वर."

मित्रांनो, घर जरूर सुधारा. पण छत उतरवण्याआधी त्याच्याखाली झोपणाऱ्याला एकदा विचारा. बाबांना आता घाम येत नाही. ते माझ्याकडे कूस करून झोपतात, वर बघत नाहीत.