खरखरीत बाजू

"दगडू, भांडी धुतोस की नुसती पाण्याखाली धरतोस?" पाण्यातल्या लोहाचा आकडा तिसऱ्यांदा जास्त आला तसा दत्तप्रसाद ओरडला, तेही मॅनेजर वासुदेव यांच्यासमोर.

"दोन दोन डाव धुतो साहेब." लॅबमधला मदतनीस, साताऱ्याकडचा, चाळिशीतला दगडू मान खाली घालून म्हणाला.

"खलास," वासुदेव म्हणाले. "इसको साइट पे भेजो."

एसी लॅबमधला दगडू दुसऱ्या दिवसापासून जूनच्या उन्हात पाइपलाइनच्या चरात उतरू लागला.

यूएईतल्या उम्म अल कुवैनच्या त्या पाण्याच्या प्लँटवर दत्तप्रसाद आठ वर्षं केमिस्ट होता. नमुन्यात औषध घातलं की लोहाप्रमाणे नारिंगी रंग चढतो. मग चौकोनी काचेच्या नळीतून यंत्र उजेड सोडतं. जितका उजेड अडेल तितकं लोह जास्त. नळी खरखरीत बाजूनंच धरायची, उजेड जातो त्या गुळगुळीत बाजूला बोट लावायचं नाही, हे तो सगळ्यांना शिकवायचा, जरा तोऱ्यातच.

आठवड्यानं आकडा पुन्हा चढला. भांडी तर नव्या माणसानं त्याच्या देखत धुतलेली. त्यानं नळी खिडकीशी धरली. गुळगुळीत बाजूवर तेलकट अंगठा उमटला होता.

इथल्या पाण्यानं केस जातात म्हणून तो रोज सकाळी खोबरेल थापायचा. काम करताना विरळ टाळूवर हात फिरवायची सवयही होतीच. त्यानं नळी पुसून पुन्हा लावली. आकडा निमूट खाली आला.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वासुदेवना उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं.

एका दुपारी साइटवरच्या पाण्याच्या नमुन्याची बाटली घेऊन दगडूच आला. तोंड रापून काळंठिक्कर पडलेलं. बाटली दारातच ठेवून तो आधी बेसिनकडे गेला आणि त्यानं साबणानं दोनदा हात धुतले.

"बगा साहेब, आता हात स्वच्छ हायती. माज्यापायी तुमचं नाव खराब झालं."

दत्तप्रसादला वर बघवेना. "दगडू, चूक माझी होती. नळीला माझ्याच हाताचं तेल लागत होतं."

दगडूनं हळूच विचारलं, "कवा कळलं?"

"बारा दिवस झाले."

"बारा दिस," दगडू म्हणाला.

"चल, आत्ताच्या आत्ता वासुदेवसाहेबांना सांगू."

"तुमी जावा. माजी गाडी सुटंल."

त्यानं ओले हात शर्टाला पुसले, बाटली टेबलावर नीट ठेवली आणि बाहेर जाऊन पिकअपच्या मागं चढला. दत्तप्रसाद वासुदेवांच्या केबिनपाशी पोचला तेव्हा पिकअप गेटबाहेर पडत होती.